निरीक्षणाचा रकाना



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्या हाताखाली मी आधी शिकले आणि नंतर त्यांच्याच शाळेत शास्त्र शिकवलं. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, सहकार, पाणीप्रश्न अशा विषयांवर मोठी माणसं बोलून गेली. मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. त्याच्याबरोबर राहायला मी कशी शिकले, एवढंच मला प्रामाणिकपणे सांगता येईल. वाचनालयाचे कार्यवाह क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तेच सांगा. सभागृहातल्या निम्म्या घरांना ते हवं आहे."

मी डॉक्टर नाही. कुणी कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी, याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. मी वही घेऊन आले आहे. दोनशे पानी, साधी, आडव्या रेघांची. तिच्यातलं वाचून दाखवणार आहे.

पण आधी बाईंची एक गोष्ट. नववीत असताना पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता. तुम्हाला ती प्रयोगवही आठवत असेल: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. माझ्या थर्मामीटरचा पारा ९७ आणि ९८ च्या मध्येच अडून राहिला. पुस्तकात तर १०० लिहिलेलं. मी निरीक्षणात १०० लिहून मोकळी झाले. बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "तुला किती दिसलं?" मी खरं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तेच लिही. आपलं गाव समुद्रापासून सातशे मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा आहे, हा आपल्या गावचा आहे." आणि एक नियम घालून दिला: निरीक्षण शाईने लिहायचं, खोडायचं नाही. अनुमान नंतर. सुचलं नाही तर तो रकाना रिकामा ठेवायचा, पण निरीक्षण बदलायचं नाही.

पन्नास वर्षांनी हा नियम मला माझ्याच रक्तासाठी लागेल असं वाटलं नव्हतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतात, त्यात माझी साखर निघाली. उपाशीपोटी १६८. जेवणानंतर दोन तासांनी २५४. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.६. मला काहीही त्रास नव्हता. वजन जेमतेम ५४ किलो. माझा पहिला प्रश्न होता, "पण मी तर बारीक आहे!" डॉक्टरांकडे बाहेर तीस माणसं बसलेली. त्यांनी गोळी लिहून दिली आणि एक झेरॉक्स कागद हातात ठेवला. डावीकडे 'खावे', उजवीकडे 'खाऊ नये'. उजवीकडची यादी लांब होती आणि त्यात माझं सगळं आयुष्य होतं: भात, पोहे, बटाटा, केळं, आंबा, साबुदाणा, पुरणपोळी.

पहिले तीन आठवडे मी त्या कागदाच्या धाकात काढले. ज्वारीची अर्धी भाकरी आणि दुधी. सकाळी उठले की बोटाला सुई टोचायची, आकडा पाहायचा आणि तो १४० च्या वर असला की दिवसभर मन खट्टू. मी आयुष्यभर मुलांना गुण दिले. आता कुणीतरी रोज सकाळी मला नापास करत होतं. एकदा आकडा १७१ आला आणि मी तो लिहिलाच नाही. दुसरी पट्टी काढून परत टोचलं. १५८ आला. तो लिहिला.

त्या रात्री मला बाईंचा नववीतला प्रश्न आठवला. तुला किती दिसलं?

सकाळी नवी वही काढली आणि तिच्यात जुनेच रकाने आखले. १७१ आधी लिहिला, शाईने.

आता शास्त्राच्या तासाला सांगितलं असतं ते सांगते, कारण निदानाच्या दिवशी ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी निरोगी माणसाची साखर शंभर मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या आत असते. म्हणजे पाच लिटरमध्ये किती? पाच ग्रॅम. एक चमचा. सगळ्या अंगातल्या रक्तात फक्त एक चहाचा चमचा साखर फिरत असते. माझ्या ८.६ चा हिशेब मांडला तर सरासरी २०० च्या आसपास येते, म्हणजे दोन चमचे. साठ-पासष्ट ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे केले की त्यातल्या पिष्टाचं पन्नास ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज होतं. दहा चमचे! ते रक्तातून पुढे स्नायूंत, यकृतात, चरबीत पोचवायचं आणि रक्तात मात्र एकच चमचा शिल्लक राहील असं पाहायचं, हे काम शरीर आयुष्यभर दिवसातून तीनदा बिनबोभाट करत असतं. इन्सुलिन हे त्या कामातलं मुख्य माणूस. ते कमी पडायला लागलं, किंवा स्नायू आणि यकृत त्याचं ऐकेनासे झाले, की चमचाभराचे दोन होतात. हे समजलं तेव्हा माझी भीती गेली नाही, पण लाज गेली. मी कुठलंही पाप केलेलं नव्हतं. एक नाजूक हिशेब चुकायला लागला होता आणि हिशेब तर मला येत होते.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा घरी रक्त तपासायची सोय नव्हती. आमच्या मागच्या पडवीत स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असायची. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी, असा रंग चढत जायचा. ते काम आई करायची, रोज पहाटे, चुलीकडे वळायच्या आधी. निळा रंग आला की ती आतून हाक मारून सांगायची आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटायचं.

पुढे शास्त्र शिकवताना माझ्या लक्षात आलं की त्या निळ्या रंगात किती झाकलेलं होतं. मूत्रपिंडं रक्तातली साखर परत ओढून घेतात आणि साधारण १८० च्या पुढे गेली की मगच ती लघवीत सांडायला लागते. म्हणजे वडिलांची साखर १७० असली तरी आमची नळी निळीच. वर्षानुवर्षं आम्ही त्या निळ्याला बरं समजत होतो. शेवटी चप्पल चावून झालेली एक जखम सहा आठवडे भरली नाही आणि पायाचा अंगठा काढावा लागला. आईने काहीच चुकवलं नव्हतं. तिच्या हातातलं साधन तेवढंच होतं.

आज सुमारे अडीच सेंटिमीटरची पट्टी आणि रक्ताचा एक थेंब पाच सेकंदांत आकडा सांगतो. हे साधन मी गुण मिळवण्यासाठी वापरत होते, याचं मला वाईट वाटतं.

या साधनाची ओळख करून देते, कारण शाळेत आम्ही आधी उपकरण तपासायचो. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. आंबा सोललेल्या बोटाला टोचलं तर आंब्याची साखर मोजली जाते. मी मोजून बसले आहे, २३०, आणि हात धुऊन परत १४४. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायची, तिथे दुखतं कमी. आणि चांगल्या मीटरलाही शंभराच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो. म्हणजे १४० आणि १५५ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. मी १७१ लपवून १५८ लिहिला तेव्हा खरं तर काहीच लपवलं नव्हतं. एचबीएवनसीचं वेगळं. तांबड्या पेशी जवळजवळ १२० दिवस जगतात. त्यांच्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर चिकटली असेल तेवढी ही तपासणी सांगते. म्हणून ती तीन महिन्यांची साक्ष. पण अंगात रक्त कमी असेल, लोह कमी असेल, तर ही साक्षही फसते. आपल्याकडच्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

तर वही. पहिल्या महिन्यात मी ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीनदा करून पाहायची. खाण्याआधी एकदा मोजायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी परत.

पोहे, नेहमीची बशी: आधी १२८, नंतर २११. दुसऱ्यांदा २०४, तिसऱ्यांदा २१५. मग पोहे निम्मे केले, त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर मोडाची मटकी. नंतरचा आकडा १६४, १५९, १७०. पोहे 'खाऊ नये'मध्ये होते. माझ्या वहीने सांगितलं, खा, पण असे खा.

जेवणातला क्रम. आमच्याकडे पानात आधी वरण-भात-तूप येतं, मग पोळीभाजी, मग परत भात. मी तो उलटा केला. आधी काकडीची कोशिंबीर आणि उसळ सावकाश संपवायची, मग भाकरी, आणि भात सगळ्यांत शेवटी, डावभर. पदार्थ तेच, वजनाने तेवढेच. आकडा पंचवीस ते पस्तीसने खाली आला. मला इतका फरक अपेक्षित नव्हता. नंतर वाचलं की भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि पिष्टाचं ग्लुकोज एकदम न येता हळूहळू येतं.

भाकरी आणि पोळी. यात माझा अंदाज चुकला. भाकरीने साखर चढत नाही असं मी लहानपणापासून ऐकत आले. पिठाचं वजन सारखं ठेवून पाहिलं तर माझ्या अंगात दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा निघाला. फरक पडला तो वेगळ्याच कारणाने: भाकरी एक खाल्ली की माझं पोट भरतं, पोळ्या मात्र तीन जातात.

गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच चढला. गूळही मुख्यतः साखरच आहे, फक्त मळीसकट. कारल्याचा रस माझ्या जावेने प्रेमाने पाठवला, पंधरा दिवस घेतला, वहीत काहीच दिसलं नाही. कारल्याची भाजी मात्र मी करते, ती मला आवडते म्हणून.

आणि एकादशी. उपवासाच्या दिवशी साखर कमी येईल असं मी धरून चालले होते. साबुदाण्याची खिचडी, दोन रताळ्याचे काप आणि एक केळं. दोन तासांनी २४६. वहीतला सगळ्यांत मोठा आकडा मला उपवासाने दिला! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात ना तंतू, ना सांगण्याजोगी प्रथिनं. आपण एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतो, पण त्या दिवशी मी दुप्पट खाल्लं नव्हतं. नेहमीएवढंच खाल्लं होतं. आता एकादशीला मी शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर, दही आणि काकडी घेते. उपवास सोडलेला नाही. विठ्ठलाला साबुदाणाच लागतो असं कुठे लिहिलेलं नाही. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंदच मुळात दक्षिण अमेरिकेतला.

रात्री जेवून पंधरा मिनिटं गल्लीतून चालायला लागले. त्याचा परिणाम मला गोळीइतकाच नजरेत भरला. स्नायू आकुंचन पावायला लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. म्हणून जेवल्यावर लगेच चाललं तर ज्या वेळी साखर चढत असते त्याच वेळी तिला वाट मिळते. चालण्याचा हा उपाय जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या आजाराचे, दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मजात आणि एक अपथ्याने होणारा. आणि दुसऱ्या प्रकारच्या निर्धन रोग्याला शंभर योजनं पायी चालायला नाहीतर विहीर खणायला सांगितलं आहे. तो चालणारा रोगी चप्पल आणि छत्रीविना आहे. चप्पल तेवढी घाला, हे मी वडिलांच्या अंगठ्याची आठवण ठेवून सांगते. या आजारात पायाची संवेदना हळूहळू जाते आणि गेली हे कळत नाही. मी रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. देवळात मोजे घालते.

वहीत एक पान लाल शाईचं आहे.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी मला दुसरी एक गोळी जोडून दिली. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी होती, पण हे मला माहीत नव्हतं, मी विचारलं नव्हतं. श्रावणी सोमवार होता. सकाळी गोळी घेतली आणि चहाशिवाय काही न खाता देवळाच्या रांगेत उभी राहिले. तासाभराने हात थरथरायला लागले. कपाळावर गार घाम, छातीत धडधड, आणि शेजारच्या बाईंनी काही विचारलं तर मी उगाच चिडून बोलले. मला वाटलं उन्हाने झालं. घरी पोचून मोजलं: ५८. शेजारणीने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी ८१. मग पोळी खाल्ली.

सत्तरच्या खाली गेलं की ते तातडीचं असतं. जास्त साखर वर्षानुवर्षं शरीर कुरतडते, कमी साखर काही मिनिटांत माणूस पाडते. पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, हा नियम ज्यांच्या घरी इन्सुलिन किंवा तशा गोळ्या आहेत त्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. ती गोळी पुढे डॉक्टरांनी बंद केली. उपवास करणार असाल तर आधी विचारा, कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती नाही. मी विचारलं नाही, हे माझं चुकलं.

त्या दिवशी शेजारणीच्या हातचं साखरपाणी पिताना मला एकदम आठवलं. बाई चौथ्या तासाला पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून तोंडात टाकायच्या. आम्हा मुलींना वाटायचं देवीचा प्रसाद आहे. कधी कधी त्या मधेच वाक्य तोडून खुर्चीवर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि दहा मिनिटांनी जिथे सोडलं होतं तिथून शिकवायला लागायच्या. त्यांच्या भाचीला मी गेल्या वर्षी विचारलं. बाई सव्वीस वर्षं इन्सुलिन घेत होत्या. कुणालाही ठाऊक नव्हतं. अविवाहित, एकट्या, मुख्याध्यापिका; 'आजारी बाई' म्हणून खुर्ची जाईल अशी त्यांना धास्ती होती. मला त्यांचा फार अभिमान वाटतो आणि तेवढंच वाईटही वाटतं. शाईने लिहायला शिकवणाऱ्या बाईंना हे एक निरीक्षण सव्वीस वर्षं झाकून ठेवावं लागलं.

इन्सुलिनची भीती अजून तशीच आहे. 'सुई लागली म्हणजे संपलं' असं म्हणत माझ्या एका चुलतभावाने ते दोन वर्षं टाळलं आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांचं जायचं ते गेलं. ११ जानेवारी १९२२ ला कॅनडातल्या टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून जमेल तेवढे दिवस काढायचे, एवढाच उपाय होता. पहिली मात्रा अशुद्ध होती, बाधली. शोधकांच्या गटातल्या कॉलिपने रात्रंदिवस खपून ती शुद्ध केली आणि २३ जानेवारीच्या टोचणीने मुलगा सावरला. शोधकांनी पेटंट टोरंटोच्या विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. त्या शोधकांतल्या बॅंटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेहदिन. ज्या औषधाने इतकी मुलं जगवली त्याला आपण मरणाची चाहूल म्हणतो, हे मला सहन होत नाही.

आता 'मी तर बारीक आहे' या माझ्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर इथून जवळच, पुण्यात निघालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यासलं. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू फार कमी, चरबी मात्र जवळजवळ टिकून. बाहेरून किरकोळ, आतून मेदाची. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तो फोटो पाहिल्यावर मी माझ्या ५४ किलोंचा आधार घेणं सोडून दिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात, शंभरात २६. यातले सगळे लठ्ठ नाहीत.

याज्ञिकांच्या या कामाबद्दल वाचताना मी बाळांकडून आयांकडे वळले. कमी वजनाचं बाळ कुणाच्या पोटी? जी सगळ्यांत शेवटी जेवते तिच्या. माझी आई पडवीत वडिलांची नळी तापवायची, त्यांचं पथ्याचं पान वेगळं वाढायची, आणि मग उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून भांड्यातच कालवून खायची. तिची साखर कुणी, कधीही तपासली नाही. तिला मधुमेह होता की नव्हता हे मला कधीच कळणार नाही.

या बाबतीत मी जरा कठोर बोलते. ज्या घरात पुरुषाला साखर निघते तिथे आठवड्याभरात स्वयंपाकघर बदलतं. कोशिंबीर येते, तेल मोजलं जातं, फिरायला जायची वेळ ठरते. बाईला निघाली तर ती सगळ्यांचं नेहमीचं रांधते आणि स्वतःसाठी वेगळं करायचा कंटाळा करते. ती उरलेलंच खाते. तिच्या तपासण्या 'पुढच्या महिन्यात' जातात. मी स्वतः पहिले सहा महिने हेच केलं. मग एके दिवशी माझ्या सुनेने वही वाचली आणि काही न बोलता सगळ्यांच्याच पानात आधी उसळ वाढायला सुरुवात केली. माझे यजमान आणि नातू, दोघंही आता उसळीनंतर भात खातात. माझी पुढची एचबीएवनसी ७.१ आली. त्यातला किती भाग गोळीचा आणि किती सुनेचा, हे वेगळं काढता येणार नाही.

हे सगळं निदान झाल्या झाल्याच का करायचं, असं मला विचारतात. त्रास काहीच नसतो, गोळी चालू असते. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये एक अभ्यास सुरू केला. नुकतंच निदान झालेले ५१०२ लोक, वीस वर्षं. ज्यांची साखर अधिक काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळे आणि मूत्रपिंडं यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान चौथ्या हिश्शाने कमी झालं. १९९७ मध्ये तो संपला. त्यानंतर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरी दहा वर्षांनी पाहिलं तर सुरुवातीला सांभाळलेल्या गटाचा फायदा टिकून होता. सुरुवातीच्या वर्षांत जे जपलं ते शरीराने लक्षात ठेवलं होतं. ब्रिटनमध्येच २०१७ साली दुसरा एक अभ्यास आला. निदानाला सहा वर्षं उलटलेली नाहीत अशा जाड लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने फार कमी उष्मांकाचा आहार दिला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षाअखेर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ते माझ्यासारख्या ५४ किलोच्या बाईसाठी नाही. आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायची गोष्ट आहे ती. पण नुकतं निदान झालेला एखादा चाळिशीचा माणूस इथे बसला असेल, तर त्याने हे ऐकून घरी जावं अशी माझी इच्छा आहे. आणि डोळ्यांचं दृष्टिपटल, लघवीतली प्रथिनं, पाय, रक्तदाब, यांची तपासणी निदानाच्याच वर्षी करावी. साखर निघाली त्या दिवशी ती सुरू झालेली नसते, अनेकदा काही वर्षं आधीपासून असते.

बराच वेळ घेतला. शेवटी वहीतलं परवाचं पान वाचते.

सकाळी सहा. उपाशीपोटी १५२. आदल्या रात्री एक भाकरी, मेथीची भाजी, ताक, भात नाही. जेवून वीस मिनिटं चालले. झोप बरी लागली. गोळी वेळेवर. ताप नाही, मनाला काही लागलेलं नाही. आधीच्या दोन रात्री अगदी असंच जेवून ११९ आणि १२४ होते. पहाटे यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, हे मला माहीत आहे, पण ते आधीच्या दोन दिवशीही सोडतच होतं. पट्ट्यांची डबी नवी फोडली, मुदत तपासली. हात धुतलेले होते.

निरीक्षण, १५२. अनुमानाचा रकाना रिकामा आहे. आज रात्री मी तेच जेवणार आहे आणि पहाटे तीनला गजर लावून एकदा मोजणार आहे.